कोपऱ्यातलं पिंप

माझ्या जिभेला हाड नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ब्लाय, माझा नवरा, म्हणतो की या बाईच्या घशाला कोरड पडावी म्हणून देवाने दुष्काळ पाडून पाहिला, पण हिचं बोलणं काही थांबलं नाही. पण गेल्या ऑक्टोबरपासून शनिवारी तळघराचं दार उघडायची वेळ झाली की माझी दातखीळ बसते. का, ते सांगते. सांगण्यासारखं नाही, तरी सांगते.

आमच्या प्रिओरातच्या डोंगराळ द्राक्षमुलखात जुनं घर म्हटलं की कोपऱ्यातलं पिंप आलंच. तळघरात सगळ्यात आत, ऊन-वारा लागणार नाही अशा जागी ते बसलेलं असतं. ते कधी रिकामं करायचं नाही, कधी धुवायचं नाही. विरजणासारखं आहे ते. थोडं काढायचं, तेवढंच नवं घालायचं, मग आतली जुनी वाइन नवीला आपल्या वळणावर नेते. बारसं, लग्न आणि मयत, एवढ्यालाच त्याच्या तोटीची चावी फिरते. नियम एकच, जो काढेल त्याने भरायचं. जेवढं काढलं तेवढं, त्याच साली, नोव्हेंबरातल्या सान मार्तीच्या सणाआधी.

माझ्या तळघरातलं पिंप आमचं नाही. हे वाक्य आता मी सहज लिहिलं, पण ते तोंडातून काढायला मला सतरा वर्षं लागली.

ते शेजारच्या खोगीरवाल्यांचं. आमच्या उतारांवर खेचरं होती तोवर त्यांचं दुकान जोरात होतं. मग ट्रॅक्टर आले, खेचरं गेली, आणि खोगीर कुणाला हवंय? चौसष्ट साली ते घर बंद करून बार्सिलोनाच्या बाजूला कापडगिरणीत कामाला गेले. मी तेव्हा चार वर्षांची होते, मला त्यांचा एक चेहरा आठवत नाही. जाताना त्यांनी पिंप माझ्या बाबांच्या हवाली केलं. चौघांनी ते गडगडत आमच्या तळघरात आणलं. बाबांनी शब्द दिला, "दर सान मार्तीला भरीन. तुम्ही या, तुमचं तुम्हाला मिळेल." बाबा दरवर्षी भरत राहिले. सत्त्याऐंशीत ते गेले, तेव्हा शेवटच्या आठवड्यात जमिनीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. म्हणाले, "मागचं पिंप खोगीरवाल्यांचं. विसरू नकोस."

मी विसरले नाही. भरत राहिले. आमचं स्वतःचं पिंप मात्र मी घालवलं. तेव्हा द्राक्षाला कुणी विचारत नव्हतं, आम्ही होतं नव्हतं ते सोसायटीत घालत होतो, घरच्या पिंपात ओतायला तीन-चार वर्षं काही उरलंच नाही. खोगीरवाल्यांचं भरायचं तर शब्द होता, तो पाळला. आपल्या पिंपाला कोण जाब विचारणार? एका उन्हाळ्यात फळ्या सुकल्या, हवा शिरली, आणि शंभर वर्षांच्या वाइनचा सिरका झाला. ब्लायने पिंप अर्ध्यात कापून दोन कुंड्या केल्या. त्यात जिरेनियम छान येतं.

मग दिवस पालटले. आमच्या काळ्या पाटीच्या दगडातली वाइन जगाला अचानक गोड लागायला लागली. पाहुण्यांच्या गाड्या येऊ लागल्या. पहिली गाडी आली त्या दिवशी एका फ्रेंच बाईने तळघरात वाकून विचारलं, "ते जुनं पिंप तुमच्या घराण्याचं का?" आणि मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक "हो". पण खोट्याला एकटं राहवत नाही, त्याला सोबत लागते. पुढच्या गाडीला पिंप माझ्या पणजोबांचं झालं. त्याच्या पुढच्या गाडीला पणजोबांनी ते फ्रान्सहून बैलगाडीतून आणलं. पिंपाच्या तोंडावरच्या फळीवर पाच डागण्या आहेत, घरात मूल जन्मलं की तापल्या लोखंडाने एक डाग द्यायची रीत. चार सरळ, ठसठशीत. पाचवा बारीक, वाकडा, अर्धवट. त्या चारांना मी आमच्या घरातली नावं दिली. पाचव्याचं काय करायचं? मी सांगायला लागले की तो माझा धाकटा काका, नऊ दिवसांचा होऊन गेला, बापाचा हात थरथरला म्हणून डाग वाकडा पडला. हे सांगताना मी बोट त्या डागावरून हळूच फिरवायची. बायका रुमाल काढायच्या. नंतर वरच्या दुकानात बाटल्या भराभर खपायच्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी. आणि वर नागोबाला फण्याचाही गर्व.

त्या शनिवारी रेउसहून आलेल्या गाडीतून अकराजण उतरले. दहा परदेशी, आणि एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. तो कुणाशी बोलत नव्हता. मळ्यात मी कारिन्येना द्राक्षाच्या जुन्या वेली दाखवत होते, तेव्हा सगळे फोटो काढत होते आणि हा खाली वाकून दगडाची एक कपची उचलून खिशात टाकत होता. मला वाटलं, शहरातला असेल, दगडाचंही कौतुक.

तळघरात उतरलो. मी माझं पुराण सुरू केलं, अर्धं फ्रेंचमध्ये, अर्धं मोडक्या इंग्रजीत. पणजोबा झाले, बैलगाडी झाली, चार डाग झाले. पाचव्यावर बोट ठेवलं, आवाज खाली आणला. डेन्मार्कच्या एका बाईने छातीवर हात ठेवला.

तेवढ्यात म्हातारा आमच्या भाषेत बोलला. "कशाने गेला म्हणे?"

आमच्या भाषेत, आणि आमच्याच खोऱ्याच्या हेलात. गाडीवाला त्या दिवशी वरच थांबला होता, त्यामुळे त्या खोलीत ते फक्त मला कळत होतं. मी म्हटलं, "तापाने."

"पुरला कुठे?"

"वरच्या दफनभूमीत."

"मग सर्व संतांच्या दिवशी फुलं वाहणारं कुणी आहे का त्याला?"

"मी वाहते ना. दरवर्षी."

"बरं आहे," तो म्हणाला. "बिचाऱ्याला कुणीतरी आहे."

डेन्मार्कच्या बाईने विचारलं, ते काय म्हणतात? मी हसून सांगितलं, त्यांना फार वाईट वाटलं म्हणतात. मला अजून काही कळलं नव्हतं.

मग मी छोटे पेले मांडले, प्रत्येकाला चमचाभर देण्यासाठी. हात चावीकडे नेला तसा म्हातारा म्हणाला, "उलटी फिरते. माहीत असेलच तुला."

त्या पिंपाची चावी उलटीच फिरते. कुणीही नवखा ती सरळ फिरवायला जातो आणि ती घट्ट होत जाते. बाबा सांगायचे, खोगीरवाला डावरा होता, त्याने स्वतःच्या हाताला सोयीची करून घेतली. ही गोष्ट मी कुठल्या पाहुण्याला कधी सांगितली नव्हती. सांगितली असती तर डावरा कोण, हेही सांगावं लागलं असतं.

कोण, कितवा, ते कळलं नव्हतं, पण खोगीरवाल्यांचा आहे एवढं कळलं. आणि मी काय केलं? दहा माणसं पेले धरून उभी होती. मी चावी उलटी फिरवली, पेले भरले, आणि बैलगाडीचं उरलेलं पुराण पुरं केलं. तेव्हाच गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी बोलत राहिले. आवाजसुद्धा कापला नाही माझा, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

म्हाताऱ्याने चमचाभर वाइन तोंडात धरली. डोळे मिटले नाहीत, काही नाही. पेला खाली ठेवला आणि पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली, स्वच्छ धुतलेली. "एवढीशी मिळेल का? घरी एक आजारी माणूस आहे."

हे सगळ्यांना खुणेनेच कळलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. यासाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं, दर वेळी कुणी ना कुणी मागायचंच. सवयीने ते आलं तोंडात, फ्रेंचमध्येही आणि आमच्या भाषेतही. "ही विकायची नसते, साहेब. ही फक्त घरच्यांसाठी."

लोकांनी माना डोलावल्या. एकाने तर टाळी वाजवली.

"घरच्यांसाठी," म्हातारा म्हणाला. "बरोबर. आधीपासून तसंच आहे." त्याने बाटलीचं झाकण लावलं, ती पिशवीत ठेवली आणि काठी टेकत जिना चढून गेला.

मंडळी वर बाटल्या बघत होती. मी गल्ल्याशी ब्लायला बसवलं आणि तळघरात परत गेले. घरातली सगळ्यात चांगली पाऊण लिटरची बाटली घेतली, पिंपातून काठोकाठ भरली, बूच मारलं. एप्रन तसाच ठेवून निघाले. ब्लाय म्हणाला, "पणजोबांच्या मयताला निघालीस की काय?" मी हसलेही नाही, दार ओढून बाहेर पडले. तेव्हा तो घाबरला असावा.

म्हातारा चौकात कारंज्याच्या कठड्यावर बसला होता, खोगीरवाल्यांच्या घरासमोर. आता तिथे बार्सिलोनाचं एक जोडपं सुट्टीला येतं, दार निळं रंगवलंय. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाटली पुढे केली. शब्द फुटेना. माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे ऐकून अख्खं गाव हसेल, पण खरं आहे.

तोच बोलला. "तू रेमेई ना? आमच्या अंगणात यायचीस, नागडी. माझी आई तुला अक्रोड फोडून द्यायची."

"तुम्ही खोगीरवाल्यांचे."

"इसीद्रे. पाचवा." त्याने काठी बाजूला टेकवली. "ताप आला होता खरा. पण उतरला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कारंज्यात उडी घेऊन लपता आलं असतं तर घेतली असती, पण त्यात वीतभर पाणी. मी म्हटलं, "इसीद्रेदादा, मी... त्या लोकांना... म्हणजे ते असं सुरू झालं की..."

"राहू दे," तो म्हणाला. "मी दोन महिने आधी जन्मलो. जगत नाही म्हणून बापाने डाग द्यायला लोखंड तापवलंच नाही. आठवडाभर वाट पाहिली आणि मग आजीने चुलीत पळी तापवून स्वतः डाग दिला. म्हणाली, याची खूण पडली की हा जाणार नाही. तिचा हात नाही थरथरला. पळीच वाकडी होती." त्याने माझ्याकडे पाहिलं. "फुलं खरंच वाहतेस?"

"नाही."

"तेही खोटं?"

"तेही."

तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. मला हसू आलं नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, मलाही तोंड उघडता आलं असतं, मी भांडणात कधी हरत नाही.

मग त्याने सांगितलं. त्याची मोठी बहीण कासिल्दा, पहिला डाग तिचा, वय चौऱ्याऐंशी, आता अंथरुणात आहे. गिळता येत नाही. गेले पंधरा दिवस एकच धोशा, कोपऱ्यातली आण. डॉक्टर म्हणतो काही देऊ नका. "डॉक्टर पस्तिशीचा आहे," इसीद्रे म्हणाला, "त्याला अजून मरायचा अनुभव नाही."

"दारावर येऊन सरळ मागायचं ना, दादा. त्या गाडीत बसून कशाला आलात?"

"कुठल्या तोंडाने मागणार? साठ वर्षांत आम्ही एकदाही आलो नाही. आधी कामातून सवड नव्हती, नंतर लाज वाटली. तुझ्या बाबांचं पत्र यायचं दरवर्षी सान मार्तीला. एकच ओळ, तुमचं भरलं. आई ते देवाच्या तसबिरीमागे ठेवायची. सत्त्याऐंशीनंतर पत्र आलं नाही. आम्हाला वाटलं, पिंपही गेलं. मग त्या गाडीवाल्यांच्या जाहिरातीत फोटो पाहिला, पाच डागांचा. म्हटलं, आधी लांबून बघू, कुणाचं झालंय ते."

पत्र. बाबांनी मला भरायला सांगितलं होतं, पत्राचं सांगायचं राहिलं. की सांगितलं होतं आणि मीच ऐकलं नाही? मला आता शपथेवर सांगता येणार नाही. भरलं मी दरवर्षी, पण कुणाला कळवलं नाही. ज्याचं आहे त्याला न कळवता राखलेली वस्तू हळूहळू आपलीच वाटायला लागते.

मी म्हटलं, "दादा, पिंप घेऊन जा. ब्लाय गाडीने पोचवेल."

"कुठे ठेवू? तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. लिफ्टमध्ये कासिल्दाची चाकांची खुर्ची मावत नाही." त्याने बाटली घेतली, उन्हात धरली, तांबूस रंग पाहिला. "किती काढलीस?"

"पाऊण लिटर. मी भरते उद्याच."

"तू नाही," तो म्हणाला. "काढेल त्याने भरायचं. ही माझ्यासाठी निघाली."

गाडीवाल्याने हॉर्न दिला. इसीद्रे उठला, बाटली पिशवीत दगडाच्या कपचीशेजारी ठेवली. मी त्याचा हात धरला, क्षमा मागितली, सरळ शब्दांत. तो म्हणाला, "तुझे बाबा फार कमी बोलायचे. तू कुणावर गेलीस?" आणि गाडीत चढला. माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही.

सान मार्तीच्या आदल्या दिवशी टपालवाली एक खोकं देऊन गेली. आत सुपरमार्केटातल्या वाइनचा कागदी डबा, लिटरचा, आणि त्याच्यावर पेनाने रेघ मारलेली, पाऊण लिटर कुठपर्यंत ते दाखवायला. सोबत चिठ्ठी. "कासिल्दाने दोन चमचे घेतले. तिसरा हाताने सारला आणि म्हणाली, आपलीच आहे. गुरुवारी गेली. उरलेली मयताला आलेल्यांना दिली, सगळ्यांना पुरली. भरायला पाठवतो आहे. वाइन हलकी आहे, पण इथे आम्ही हीच पितो. रेघेपर्यंत ओतणे. इसीद्रे."

ब्लायने डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. तो चाळीस वर्षं वाइन करतो. "अगं, ही मी भाजीतसुद्धा घालणार नाही. त्या पिंपात ओतणार तू? शंभर वर्षांची वाइन आहे ती."

"माझी आहे का?" मी म्हटलं.

मग त्यानेच कंदील धरला आणि मी नरसाळं लावून रेघेपर्यंत ओतलं, एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. त्या हलक्या वाइनच्या वासाने मला रडू आलं. ब्लाय वर गेला. मी तिथेच पायरीवर बसून पत्र लिहिलं, बाबांसारखं, एका ओळीचं. तुमचं भरलं. खाली अजून काहीतरी लिहायला हवं होतं, पण जे सुचलं ते सगळं मला माझ्या तळघरातल्या आवाजात ऐकू यायला लागलं. म्हणून तेवढंच पाठवलं.

पुढच्या शनिवारी गाडी आली. नऊजण होते. ब्लाय म्हणाला, "आज तू मळा दाखव, तळघर मी दाखवतो." मी म्हटलं, नको. खाली उतरले, पिंपापाशी उभी राहिले. पणजोबा तोंडाशी येऊन थांबले. मी म्हटलं, "हे पिंप शेजारच्या घराचं आहे. ते लोक शहरात गेले. हा पहिला डाग कासिल्दाचा, ती याच महिन्यात वारली. हा पाचवा इसीद्रेचा. तो जिवंत आहे."

सगळे वाट बघत होते, यापुढे काय. पुढे काहीच नव्हतं. कुणी रुमाल काढला नाही. गाडीवाला माझ्याकडे बघत राहिला, त्याने माझं जुनं पुराण पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. माझे कान तापले होते. एवढी लाज मला सतरा वर्षं खोटं बोलताना एकदाही वाटली नव्हती.

एका बाईने पेल्यांसाठी इकडेतिकडे पाहिलं. "चाखायला मिळणार नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "ही घरच्यांसाठी असते."

"पण तुम्ही घरच्याच ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी शेजारची."